नोकरी सुटली तरी आरोग्य विमा सुटू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या कारखान्यांत काम करणारी आमची मुले आता एका ठिकाणी टिकून राहत नाहीत. चांगला पगार मिळाला की कोल्हापूरजवळचे शिरोली, गोकुळ शिरगाव, नाहीतर पुणे, बंगळूर गाठतात. राजीनामा देताना पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे सगळे विचारून घेतात. मेडिक्लेमचे काय, हे विचारायचे राहून जाते आणि टाइम ऑफिसमधूनही कोणी आपणहून सांगत नाही.

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून कामगाराचे नाव बहुधा शेवटच्या दिवशीच कमी होते. त्याच्याबरोबर बायको-मुले आणि पॉलिसीत असलेले आई-वडीलही बाहेर पडतात. ग्रुप पॉलिसीत जुना मधुमेह, रक्तदाब बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो, म्हणून त्याची किंमत कळत नाही. स्वतः नवी पॉलिसी घ्यायला गेले की सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. घरात साठीचे वडील असतील तर एवढा काळ कसा काढायचा?

यावर वाट आहे. ग्रुप पॉलिसीतल्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय ‘इर्डा’च्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांत दिलेला आहे. आधी काढलेली वर्षे जुन्या विमा रकमेपुरती प्रतीक्षेच्या काळात धरली जातात. हप्ता मात्र आपला आपण भरायचा, आणि कंपनी तब्येतीचे कागद तपासू शकते. म्हणून हा अर्ज नोटीस काळातच द्यायला हवा. मध्ये खंड पडला तर ही सवलत हातची जाऊ शकते. नवी कंपनी विमा देणार असली तरी तो कोणत्या तारखेपासून, हे लेखी घ्यावे.

२१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचे गणित वेगळे, कारण ते ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात. एप्रिल ते सप्टेंबर या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर मधेच काम सुटले तरी त्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. हे कळले असते तर अशोकनगरच्या ईएसआय दवाखान्याकडे पाठ फिरवून कितीतरी जणांनी खाजगीत पैसे घातले नसते. ईएसआयचा विमा क्रमांकही देशभर एकच चालतो. शिरोलीला गेल्यावर नव्या मालकाने नवा नंबर काढला तर जुनी वर्गणी वेगळ्या खात्यात पडून राहते. जुना नंबर पहिल्याच दिवशी द्या, आग्रहाने द्या.

सरकारी योजना आहेतच की, असे काही जण म्हणतात. सीमाभागातल्या माणसाने तरी त्यांवर निर्धास्त राहू नये. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना इथल्या ८६५ गावांना लागू केली, लगेच कर्नाटकाने हरकत घेतली. आजारी माणसाला दोन राज्यांचा वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही.

माझी मागणी साधी आहे. काम सोडणाऱ्या प्रत्येकाला रिलीव्हिंग लेटरबरोबर मराठी आणि कन्नडमध्ये एक कागद मिळावा. त्यावर पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचे नाव, संरक्षण कोणत्या तारखेला संपते, वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज कोणाकडे करायचा आणि ईएसआय क्रमांक एवढे लिहावे. याला कारखानदारांना खर्च येणार नाही. उद्योजकांच्या संघटनांनी हे सभासदांना सांगावे आणि कामगार संघटनांनी पुढच्या पगारवाढीच्या करारात ही अट घालून घ्यावी.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव