राणीचा नवरा

प्रिय दिग्या,

परवा फोनवर म्हणालास, "मॅडम दौऱ्यावर, मी भेंडी चिरतोय." हसलास, पण ते हसू काही खरं वाटलं नाही. नोकरी सोडून तिच्या बदलीमागे गेलास त्याला आता सहा महिने होतील. तिच्या ऑफिसच्या कार्यक्रमात तुला पहिल्या रांगेत बसवतात, हातात गुलाबाचं फूल देतात आणि 'मॅडमचे मिस्टर' म्हणून ओळख करून देतात, हेही तूच सांगितलेलंस. म्हणून काल रात्री मुद्दाम 'द लव्ह परेड' पुन्हा लावला.

१९२९ सालचा सिनेमा. बोलपट तेव्हा नुकता रांगायला लागलेला. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात कोंडायचे, आणि नट बिचारे माइकभोवती खिळून उभे. अशा काळात एर्न्स्ट ल्युबिच या बर्लिनच्या माणसाने आपला हा पहिलाच बोलपट असा हलकाफुलका केला की बघत राहावं. नायक पॅरिसचा मोरिस शेव्हालिए. नायिका जॅनेट मॅकडोनाल्ड, तिचा तर पहिलाच सिनेमा.

सुरुवात ऐक. काउंट आल्फ्रेड पॅरिसमध्ये एका विवाहितेबरोबर, आणि दारात तिचा नवरा! बाई पिस्तूल झाडून घेते, कोसळते. नवरा तेच पिस्तूल आल्फ्रेडवर झाडतो. काहीच होत नाही, कारण काडतुसं खोटी. बाई उठून बसते, नवरा-बायकोचं गूळपीठ जमतं. मग तिच्या झग्याचे हूक नवऱ्याला काही लागेनात. आल्फ्रेड सराईत हाताने लावून देतो. ती दोघं गेल्यावर तो पिस्तूल ड्रॉवरमध्ये टाकतो, तर आत आधीचीच पिस्तुलं भरलेली. एक शब्द न बोलता त्याचं सगळं चरित्र सांगून झालं!

या भानगडींपायी त्याला मायदेशी, सिल्व्हेनियात, परत बोलावतात. (नकाशात शोधू नकोस, राज्य खोटं आहे.) तिथली राणी लुईझ बिनलग्नाची, मंत्री त्यावरून हैराण. त्याच्या लफड्यांचा अहवाल तिच्यापुढे येतो. ती तो वाचते आणि वाचता वाचता पावडर लावते. झालं, जमलं.

आपल्या 'सौभद्रा'त सुभद्रा-अर्जुनाचं लग्न लागलं की पडदा पडतो. इथे खरी गंमत लग्नापासून. विधीत 'पती-पत्नी' म्हणायच्या ऐवजी 'पत्नी-पती' म्हणतात, आणि आज्ञेत राहण्याची शपथ नवऱ्याने घ्यायची. दुसऱ्या दिवसापासून आल्फ्रेडला काही काम नाही. राणी आल्याशिवाय न्याहारीसुद्धा वाढत नाहीत. राज्याच्या तिजोरीची विवंचना सोडवायला तो योजना आखतो, तर त्याला विचारतो कोण? हे बघताना मला तुझी भेंडी आठवली, खोटं कशाला बोलू.

पण शेवट मात्र मला पटत नाही, ल्युबिचचा असला तरी. आल्फ्रेड घटस्फोटासाठी पॅरिसला निघण्याची धमकी देतो, राणी विनवण्या करते आणि राज्याची सूत्रं त्याच्या हाती जातात. सिनेमाला हा विजय वाटतो. आमची ही विरजण लावायला उठली होती, ती दारातूनच म्हणाली, "त्याला काम द्यायचं होतं ना? मग हिचं का काढून घेतलं?"

मी गप्प.

दिग्या, म्हणून विचारतो. तुला नक्की काय खुपतंय, तिचं पद की तुझा रिकामा दिवस? दुसरं असेल तर तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं बघ. तुझं अकाउंट्स अजून गंजलेलं नाही. आणि पहिलं असेल तर फोनवर नको, दिवाळीत ये, ओट्यावर बसून बोलू.

वहिनींना नमस्कार. आणि भेंडी धुऊन नीट पुसून मग चीर, तार सुटत नाही.

तुझा,
अव्या