कुरेहून बाबांना

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

एवढ्या शिस्तीच्या जपानी लोकांत हे याकुझा, म्हणजे टोळीवाले गुंड, आले कुठून, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितो आहे. आमच्या गोदीतल्या एका जुन्या फोरमननं मला दिग्दर्शक किंजी फुकासाकूचा 'जिंगी नाकी ताताकाई' बघायला लावला. चित्रपट १९७३ चा, गोष्ट याच कुरे गावातली. माझगाव डॉकमध्ये जन्म गेलेल्या माणसाला कुरे काय सांगायचं! 'यामातो' युद्धनौका इथेच बांधली.

सुरुवातच अणुबॉम्बच्या ढगानं होते. मग १९४६ चा काळाबाजार. युद्ध हरलेलं, खायला नाही, आणि लढाईवरून परतलेली तरुण पोरं रिकामी फिरताहेत. त्यांना कामाला लावणारे म्होरके मग उगवतातच.

त्यातला म्होरक्या यामामोरी माझ्या डोक्यातून जात नाही. खून दुसऱ्यानं करायचा, यानं रडायचं. टोळीतल्या शोझो हिरोनोला सुपारी देताना नवरा-बायको ढसाढसा रडतात, सुटून आलास की सगळं तुझंच म्हणतात. हिरोनो तुरुंगात जातो, म्होरक्या गब्बर होतो. बुन्ता सुगावारानं केलेला हिरोनो बघताना मला त्याचा राग येत नव्हता, त्याच्यासाठी जीव तुटत होता.

मारामारी भयंकर आहे, आईला बघवणार नाही. पण तिच्यात ऐट नाही. हात थरथरतात, नेम चुकतात, माणूस तडफडत मरतो. कॅमेरा खांद्यावर घेऊन कुणी त्या गर्दीत घुसल्यासारखं वाटतं. कुणी मेला की चित्र थिजतं आणि त्याचं नाव आणि मृत्यूची तारीख पडद्यावर उमटते. त्याआधी, साठच्या दशकात, किमोनो घातलेल्या इमानी गुंडांचे चित्रपट इथे जोरात चालत. फुकासाकूनं तो सगळा थाट मोडून काढला. मूळ मजकूर एका खऱ्या याकुझानं तुरुंगात लिहिलेल्या आठवणींचा.

फुकासाकू स्वतः पंधराव्या वर्षी दारूगोळ्याच्या कारखान्यात राबत होता. तोफांच्या माऱ्यात सोबतची मुलं मेली आणि त्यांचे देह उचलायचं काम उरलेल्या मुलांवर आलं. मला वाटतं, यामामोरीवरचा राग तिथला आहे. हुकूम सोडणारी म्हातारी माणसं त्यानं फार लवकर पाहिली होती.

शेवटी हिरोनोचा जुना सोबती खेळण्यांच्या दुकानात मारला जातो. त्याच्या अंत्यविधीला सगळे म्होरके गंभीर चेहऱ्यानं बसलेले असतात. हिरोनो येतो आणि फुलं-नैवेद्य मांडलेल्या वेदीवरच गोळ्या झाडतो. यामामोरी धमकावतो, तेव्हा एवढंच म्हणतो की गोळ्या अजून शिल्लक आहेत. आणि निघून जातो.

धाकट्याला हा जरूर दाखवा, भाई लोकांचं त्याला फार कौतुक आहे. तुम्हीही बघा आणि हिरोनोनं यामामोरीला जिवंत का सोडलं असेल ते मला कळवा. फोरमनचं म्हणणं वेगळं आहे, मला तुमचं हवं आहे. आईला नमस्कार.

तुमचा,
थोरला