बाबा, पावसात रातराणी नको

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जुलैत रातराणी एसटीने येणार म्हणताय, असं आई म्हणाली. रात्री चिपळूणला बसायचं, पहाटे मुंबईत उतरायचं, म्हणजे दिवस मोडत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं असेच आलात. पण पावसाळ्यात आता हे बंद करा.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला आणि राजापूर-बोरिवली, जयगड-मुंबई या दोन एसट्या नदीत गेल्या. चालकांना रस्ता पाठ असणार, पण काळोखात, भर पावसात पुढे पूलच उरला नाही हे कुणाला कसं दिसावं? नवा पूल पुढच्या पावसाळ्याआधी उभा राहिला, पण माझ्या मनातून ती रात्र जात नाही.

२२ जुलै २०२१ तर आपल्या चिपळूणचाच. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, बहादूरशेख नाक्याच्या जुन्या पुलाचा भाग गेला, रेल्वे थांबली, तिकडे आंबा घाटात रस्ता खचला. तुमच्यापर्यंत पोचायला मला वाटच उरली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात परशुराम घाट बंद झाला, तेव्हा छोट्या गाड्या चिरणी-आंबडसवरून वळवल्या. दिवसा असं वळण घेता येतं, चार माणसांना विचारता येतं. रात्री दोन वाजता दरडीपाशी गाडी अडकली, तर आईने गुडघे धरून कुठे बसायचं?

रेल्वेही अडकते, मान्य. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आलीच होती. तरी पावसाळ्यात तिचं वेळापत्रक वेगळं असतं, रुळांवर गस्त असते, मुसळधार पावसात गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणतात. उशीर झाला तर होऊ दे. मी ठाण्याला फलाटावर थांबेन.

खरं तर जुलैत येऊच नका. मी डॉक्टरांशी बोलले. दिवाळीनंतर केलं तरी चालेल म्हणाले. मोतीबिंदू आहे म्हणून थांबता येतंय. घाटापलीकडे ज्यांचं डायलिसिस चालू आहे, ज्या बायकांचे बाळंतपणाचे दिवस भरलेत, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी जवळच सोय हवी, असं मला फार वाटतं.

आईशी बोलून कळवा. यायचंच ठरलं, तर दिवसाच्या मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं मी काढते. निघायच्या सकाळी गाडी सुटल्याची खात्री करून फोन करेन, त्याआधी घर सोडू नका.

तुमची,
धाकटी