‘मणक्यात गॅप’ या शब्दाने होणारे नुकसान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मणक्यातला गॅप विनाऑपरेशन भरून मिळेल’ अशी पत्रके आणि छोट्या जाहिराती हल्ली जागोजागी दिसतात. कमरेतून पायात कळ उतरली की हाच शब्द रुग्णाच्या कानी पडतो. मग मणके सुटे झाल्याच्या भीतीने तो महिना-महिना अंथरूण धरतो, आणि ज्या दुखण्यात हालचाल हवी त्यातच ती थांबते.

एक्स-रेत खरे तर याच्या उलट दिसते. वयानुसार दोन मणक्यांमधल्या गादीतले, म्हणजे चकतीतले पाणी कमी होते, ती चपटी होते आणि दोन मणक्यांमधले अंतर घटते. भरून काढावी अशी पोकळी तिथे नसतेच. ‘चकती सरकली’ हेही तितकेसे खरे नाही, कारण वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरच्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट थर असतात आणि आत मऊ गर असतो. मागच्या बाजूचे थर फाटले की गर बाहेर येतो, शेजारच्या नसेच्या मुळावर दाब देतो आणि तिथे दाह निर्माण करतो. बहुतेकदा हे कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांपैकी एकीत घडते. वरची असेल तर कळ पोटरीच्या बाहेरच्या कडेने पायाच्या अंगठ्याकडे जाते आणि टाचांवर चालताना चवडा उचलत नाही. खालची असेल तर कळ मांडीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे उतरते; त्या एका पायावर दहा वेळा चवड्यावर उभे राहता येत नाही. भिंतीचा आधार घेऊन ही तपासणी घरीही करता येते. ताकद कमी वाटली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे, आणि चवडा अचानक लोंबायला लागला तर त्याच दिवशी.

बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. मोठा तुकडा सुटला असेल तर तो विरघळण्याची शक्यता उलट जास्त असते. म्हणूनच बहुतेक रुग्णांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच ओसरते. पहिल्या आठवड्यात घाईने काढलेल्या एमआरआयने फारसे काही बदलत नाही, भीती मात्र वाढते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. सहा आठवड्यांत उतार नसेल, पायाची ताकद जात असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तेव्हा एमआरआय जरूर काढावा.

तोवर काय करावे? कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस पडून राहावे, त्याहून जास्त नको. घरातल्या घरात पाच-दहा मिनिटे, दिवसातून पाच-सहा वेळा चालावे. सलग अर्ध्या तासाहून अधिक बसू नये. पालथे झोपून पाहावे: आधी दोन-तीन मिनिटे नुसते, मग कोपरांवर छाती उचलून, मग तळहातांवर जोर देऊन, कंबर सैल सोडून दहा वेळा. हे दर दोन-तीन तासांनी करावे. या वेळी कळ कुठे जाते ते पाहणे सगळ्यात महत्त्वाचे. ती पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत आली तर व्यायाम लागू पडतो आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ आणखी खाली उतरली किंवा मुंग्या वाढल्या तर तो व्यायाम लगेच थांबवावा. साठीपुढच्या ज्यांचे पाय चालताना भरून येतात आणि बसले किंवा पुढे वाकले की मोकळे होतात, त्यांची नसेची वाटच अरुंद झालेली असते. त्यांनी मागे वाकू नये. उताणे झोपून गुडघे छातीशी घेणे त्यांना मानवते.

रात्रभरात चकती पाणी शोषून टम्म होते, त्यामुळे उठल्यानंतरचा पहिला तास वाकण्यासाठी सगळ्यात वाईट. आपल्याकडे नळाला पाणी येते ते नेमके पहाटे. हंडे आणि भरलेल्या बादल्या उचलणे, वाकून केर काढणे हे सगळे त्याच तासात येते. बादली अर्धीच भरावी, अंगाजवळ धरावी, ओझे घेऊन कमरेत वळू नये. बद्धकोष्ठही होऊ देऊ नये, कारण कुंथताना चकतीवरचा दाब वाढून कळ उसळते.

उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाकडून कमरेला पाय लावून घेण्याची प्रथा अजून आहे. उसण हा बहुधा स्नायूंचा आखडा असतो, तो काही दिवसांत आपोआप सुटतो आणि श्रेय पायाळूला मिळते. पण फाटलेल्या चकतीवर दिलेला झटका नसेला इजा करू शकतो. कृपया हे टाळा. लाकडी फळीवर झोपण्याचा सल्लाही सोडून द्यावा. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम टणक गादीने जास्त आराम दिला. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी ठेवली की कमरेचा पीळ जातो. कमरेला पट्टा बांधणे आणि वजन लावून कंबर ताणणे, या दोन्हींचा सल्ला देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या जुनाट कंबरदुखीवरील मार्गदर्शिकेत म्हटले आहे.

औषधांबद्दल एवढेच. नसेच्या कळेवरचे प्रीगॅबालिन हे औषध आपल्याकडे सर्रास दिले जाते, पण २०१७ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या २०९ रुग्णांमध्ये ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही, चक्कर मात्र वाढली. चालू असेल तर एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून कमी करावे. दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला बाधू शकतात. पावसाळ्यात अंगात ताप असताना त्या मुळीच घेऊ नयेत, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका असतो.

कळकळीची विनंती अशी की, कंबरदुखीच्या जाहिराती छापल्याच तर शेजारी पुढील चौकट द्यावी. लघवी तुंबणे किंवा तिचा ताबा जाणे, शौचाची जाणीव न होणे, सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिरपणा, किंवा दोन्ही पायांत एकदम कळ आणि अशक्तपणा: यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे. नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री पडूनही न थांबणारी कंबरदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्यावा; खोकला नसला तरी तो असू शकतो. आधी कर्करोग झालेल्यांनी आणि पडल्यानंतर कंबर धरलेल्या वृद्धांनीही घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

आपला,
एक भौतिकोपचार तज्ज्ञ, सातारा