डिसेंबरात कोडगूला या

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

चतुर्थीला आले नाही, ते अजून सलतंय. आरतीत बाबांचा आवाज ऐकला आणि मी फोन ठेवून दिला, तो रागाने नव्हे. आता आणखी एक सांगायचंय. इथली नोकरी मी दोन वर्षांनी वाढवून घेतली आहे. दादाच्या वेळचं विसरलेले नाही, पण मळ्याचे हिशेब हातात बसलेत, पगार वेळेवर होतो, आणि कोडगूतलं हे मडिकेरी काही परमुलूख नाही. हाही आपला सह्याद्रीच. कॉफीच्या सावलीला लावलेल्या झाडांवर मिरवेली चढलेल्या बघितल्या की आपली पोफळीची बाग आठवते.

तुमची तिकिटं काढली आहेत, कुडाळ ते मंगळूर, दोन्ही बर्थ खालचे. कोडगू जिल्ह्यात रेल्वे नाही, म्हणून मीच गाडी घेऊन स्टेशनवर येईन. तोवर देवदिवाळी झालेली असेल, भातही घरात आलेलं असेल. तेव्हा ‘नंतर बघू’ नको, बाबा.

गाव साधारण ११५० मीटरवर आहे, थंडी असते. पण खोलीत गरम पाणी आहे, कमोड आहे, रजया धुऊन ठेवल्यात. आई, नूलपुट्टू म्हणजे आपले शिरवळेच गं. आणि मटणाला इथे कच्चंपुळी घालतात, रातांब्याच्याच जातकुळीतल्या फळाचा आटवलेला काळा रस. तुला नक्की आवडेल.

डिसेंबरात पुत्तरी आहे, इथला नव्या भाताचा सण. रात्री सगळं घर शेतावर जातं, पहिल्या लोंब्या कापताना बंदुकीचा बार काढतात आणि ‘पोली पोली देवा’ म्हणत त्या घरी आणतात. देवा, वाढव, असं ते मागणं. गेल्या वर्षी ते बघताना मला आपलं नवं आठवलं. बाबांच्या खांद्यावर बसून मी दाराला लोंब्या बांधायचे. गाठ तुम्ही मारायचात, आणि ‘बायनं बांधलं हां’ म्हणून वाडीभर सांगायचात.

तलकावेरीला नेईन. कावेरीचा उगम, लहानसं कुंड आहे. बाबांनी मात्र ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, गुडघा बरा वाटला तरी नाही. संध्याकाळी मडिकेरीतच राजा सीटच्या बागेत बसा. समुद्र नाही दिसणार, पण दरीवर सूर्य मावळताना छान दिसतो.

गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त घ्या, त्याही हातातल्या पिशवीत. निघण्याआधी बीपी तपासून मला कळवा. तांदूळ-नारळ बांधून आणू नका, इथे सगळं मिळतं. सोलं तेवढी आण, आई.

तुमची,
बाय