धान्याला पाय नसतात

ती. स्व. काकूंना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही ‘चहा टाकते’ म्हणून आत निघून जाता.

बी.एस्सी. नर्सिंगचं तिसरं वर्ष होतं. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण पैसे खात्यावर यायचे तेव्हा येणार. आणि फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नव्हते. आई तुमच्याकडे हळद द्यायला आली होती, बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडलात आणि अठरा हजार मोजून माझ्या हातावर ठेवलेत. तुमचा वाडा बघायला येणाऱ्यांचे पैसे. माणशी शंभर रुपये, कार्बन घालून हाताने लिहिलेली पावती. माजघरात तेव्हा कौलं गळत होती, खाली घमेलं ठेवलेलं. माझी नजर तिकडे गेली तशा तुम्ही म्हणालात, ‘ते वाड्याचं वाडा बघेल. हे पोरांचं आहे.’

बदल्यात एकच अट घातलीत. सुट्टीला आले की पाहुण्यांना वाडा दाखवायचा.

मला कुठं येत होतं? वाईत जन्म गेला तरी ढोल्या गणपतीच्या पलीकडे मला काही सांगता येत नसे, आणि ते देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं हेही तुम्हीच सांगितलंत. आपल्याकडे येणारे निम्मे लोक मेणवलीहून येतात. नाना फडणवीसांचा वाडा पाहिलेला असतो, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली घाटावरची पोर्तुगीज घंटा पाहिलेली असते, आणि इथं पाय ठेवल्या ठेवल्या विचारतात, ‘शाहरुखचं शूटिंग इथंच झालं ना?’ पहिल्याच दिवशी अशा एका घोळक्यापुढे मी ऐटीत सांगितलं, की दिंडी दरवाज्यावरचं ते भोक म्हणजे जंगी, बंदूक रोखायची फट. मागून तुमचा आवाज आला, ‘अगं, ते नळाच्या पाइपसाठी पाडलंय.’ सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

मग बळद, भिंतीतलं धान्याचं कोठार. माडीवरून धान्य ओतायचं, खाली माजघरात तोंड उघडून काढून घ्यायचं. मी पाठ केल्यासारखं म्हणायचे, ‘इथं वर्षाचं धान्य यायचं.’ एकदा पुण्याहून आलेल्या एका मुलाने विचारलं, ‘कुठून यायचं?’ मी गप्प झाले. कारण मला माहीत होतं. माझे पणजोबा तुमच्या घराचं कूळ. बैलगाडीतून खंडाची, म्हणजे जमीन कसण्याबद्दल द्यायच्या धान्याची, पोती घेऊन यायचे, परसदारी उतरवायचे, आणि तिथूनच पाणी पिऊन परत जायचे. माजघर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ उजाडला आणि कसेल त्याची जमीन झाली. तुमच्या घरातली जमीन गेली ती आमच्या घरात आली. हे दोन्ही घरांना ठाऊक होतं, पण कुणी कधी मोठ्याने बोललं नव्हतं.

रात्री भीत भीत तुम्हाला विचारलं, पाहुण्यांना काय सांगू? तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात. ‘पणजोबांचं नाव घेऊन सांग. नुसतं धान्य यायचं म्हणू नकोस. धान्याला पाय नसतात.’

काकू, आभार मानायचे आहेत ते याचे. अठरा हजारांचे तर आहेतच.

तुमच्या घरी वार लावून मुलं शिकली, हे पाहुण्यांना तुम्ही हौसेने सांगायचात. सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या. त्या पंगतीत आमच्यातला मुलगा बसला नसता, हेही मी एकदा तुमच्यासमोरच बोलून टाकलं. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, ‘खरंय. म्हणून भाऊरावांना साताऱ्यात बोर्डिंग काढावं लागलं.’ कर्मवीर भाऊराव पाटलांचं १९२४ सालचं ते बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. आता वाड्याच्या फेरीत वाराची गोष्ट निघाली की पाठोपाठ ही येते. काही पाहुण्यांना ती रुचत नाही, एका आजोबांनी तर शंभर रुपये परत मागितले. तुम्ही दिलेत, वर पन्ह्याचा पेलाही दिलात. मला मात्र त्यांचा अजून राग येतो.

सध्या पुण्यात आहे, आयसीयूत रात्रपाळी. पहाटे चारला डोळे मिटायला लागले की मनातल्या मनात वाडा दाखवते: ओसरी, सोपा, माजघर, बळद. परसदाराशी आले की जागी असते.

पहिल्या पगारातले अठरा हजार आईजवळ दिलेत, ती आणून देईल. डब्यात टाका, कौलांना लावू नका, आणि पावती फाडा. यंदा फी कुणाची अडलीय ते मला सांगू नका. दिवाळीत चार दिवस रजा मिळाली आहे, तेव्हा त्या पोरीला किंवा पोराला माझ्याबरोबर वाडा दाखवायला उभं करा. आणि माडीवरची बळदाची फळी सैल झालीय, गर्दी व्हायच्या आत सुताराला बोलवा.

तुमची,
परसदाराकडची