कुंदा, नानांचं टेबल ठेव

पुणे
रविवार

प्रिय कुंदास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं. वाईचं घर पाडव्याच्या आत रिकामं करून द्यायचं ठरलं हे वाचलं आणि बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. कॉलेजात असताना सुट्टी लागली की मी तुझ्याबरोबर तिथेच येत असे. तुझ्या आईच्या हातचं जेवले, माजघरात तुमच्या सगळ्यांबरोबर ओळीने झोपले. त्या घरातल्या वस्तूंबद्दल तू मला विचारलंस याचं मला फार बरं वाटलं.

तू लिहितेस की दादा म्हणतो, "सगळं एकदम एकालाच देऊन टाकू," वहिनींना काही हवंसं वाटत नाही, आणि तुला मात्र खुंटीसुद्धा सोडवत नाही. ठाण्याच्या घरात एकच खोली मोकळी आहे. म्हणून तू माझी खोली कशी लावली ते विचारतेस. सविस्तरच लिहिते, पण आधी माझं मत सांगते. जी वस्तू तू रोज हाताळशील तीच ने. ज्या वस्तूला नुसतं पुसत बसावं लागेल ती कुणा वापरणाऱ्याला दे, मग ती कितीही सुंदर असो.

आमचा नारायण पेठेतला वाडा पाडायला गेला तेव्हा माझ्यापुढे हाच प्रश्न होता. माझी खोली दहा बाय अकराची, पूर्वेला खिडकी. त्यात वाड्यातलं मोठं सामान एकच आणलं, आजोबांचं सागवानी कपाट. तू ते पाहिलं आहेस, पण त्याच्या दारावरची आडवी रेघ तुझ्या लक्षात आहे का? कमरेच्या थोडी वर, डावीकडून उजवीकडे गेलेली काळपट रेघ. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. हे कपाट तेव्हा तळमजल्यावर होतं. आजी सांगायची, माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर खाली आली तर घरभर चिखल. कपाटातली कागदपत्रं, शालू, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या, सगळ्याचा लगदा झालेला. जी सरसाने चिकटवलेली खुर्च्या-स्टुलं होती त्यांचे सांधे सुटून पाय वेगळे आणि पाठ वेगळी झाली होती, कारण सरस पाण्यात विरघळतो. कपाट मात्र जागेवर उभं होतं. त्याचे सांधे खाचेत लाकडी खुंट्या ठोकून बसवलेले आहेत, आणि सागाच्या अंगात स्वतःचं तेल असल्यामुळे पाणी त्याला सहज बाधत नाही. आजीने ते धुतलं, सावलीत वाळवलं आणि पुन्हा भरलं. किती घरांतली माणसं तेव्हा गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगरला गेली. आमची तिथेच राहिली.

पॉलिशवाल्यांनी कपाट पाहिल्यावर पहिली गोष्ट विचारली, "ताई, हा डाग घासून काढू ना? एका दिवसात जाईल." मी नाही म्हटलं. पुराच्या दिवसाचं आमच्या घरात उरलेलं तेवढंच आहे. त्यांनी ऐकलं, रेघेच्या कडेने हलक्या हाताने काम केलं आणि आता तर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच तिची गोष्ट सांगतात.

पॉलिशबद्दल तुला नीट सांगायला हवं, कारण तुला दुकानात सगळे मेलामाइन नाहीतर पीयू, हे नवे रासायनिक लेप, करा म्हणतील. ते चकचकीत दिसतं, टिकतंही, पण जुन्या लाकडावर ते करू नकोस. आपल्या आजोबांच्या काळातल्या सामानावर बहुतेक चपड्याचं पॉलिश असायचं. चपडा म्हणजे लाख. ती पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. ती स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापसाच्या बोळ्यावर मलमलीचं फडकं गुंडाळून एकावर एक पातळ हात देत जातात. त्यात घाई चालत नाही. गरम कप ठेवला की पांढरा गोल उठतो हा त्यातला दोष, पण त्यावर पुन्हा हात फिरवता येतो, कारण नव्या हातातलं स्पिरिट खालचा थर मऊ करतं आणि दोन्ही एकजीव होतात. पीयूला ओरखडा पडला तर अख्खी फळी घासावी लागते. शिवाय चपड्याखाली लाकडाचे रेषे दिसतात ते मला फार आवडतात. तुमच्याकडे माजघरातलं ते पिस्ता रंगाचं दुधाचं कपाट आहे ना, जाळीच्या दारांचं? त्याच्या तळाशी, दिसणार नाही अशा कोपऱ्यात, रंग थोडा खरवडून बघ. मला खात्री आहे, आत साग निघेल.

आमचं दुधाचं कपाट मी पुस्तकांसाठी घेतलं. जाळीमुळे हवा खेळती राहते, पुस्तकांना कुबट वास येत नाही. चार पायांखालच्या दगडी वाट्यासुद्धा ठेवल्या आहेत. पूर्वी त्यांत पाणी घालत, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. आता त्या कोरड्याच असतात, पण फरशी पुसताना पाय भिजत नाहीत.

आरामखुर्ची आजोबांची. तिचा वेत पार फाटला होता. तो विणायला जे आले ते अंध कारागीर होते. आपल्याकडे अंधांच्या संस्थांतून हे काम पूर्वीपासून शिकवतात. त्यांनी वेत भिजत घातला, खुर्चीच्या चौकटीची भोकं बोटांनी एकदा चाचपून घेतली आणि मग उभे, आडवे, तिरके पदर ओवत गेले. एकाही भोकात चूक नाही. मी समोर बसून सबंध वेळ बघत होते. त्या खुर्चीत बसल्यावर पाठीला जो आधार मिळतो तो गादीच्या खुर्चीत मिळत नाही. वेताला उन्हात ठेवायचं नाही, कोरडा पडून तुटतो, एवढं लक्षात ठेव.

भांडी मी थोडीच आणली, पण ती आणताना जे सापडलं त्याने मला आजी नव्याने भेटली. तुला माहीतच आहे, जुन्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. मी एकेक भांडं चिंच-मिठाने घासून उन्हात धरून वाचत बसले. कुठे मुंजीची भेट, कुठे आत्याच्या लग्नातला आहेर. आणि एका लहान कळशीवर फक्त "गोदावरी" एवढंच. घरात गोदावरी कोण हे कुणालाच सांगता येईना. शेवटी धाकट्या आत्याने सांगितलं, आजीचं माहेरचं नाव गोदावरी होतं. आमच्याकडे लग्नानंतर ती रमा झाली. रेशनकार्डावर रमा, बँकेत रमा, तिच्या फोटोखालीही रमाबाई. माहेरचं नाव राहिलं ते त्या कळशीवर. ती कळशी आता माझ्या उशाशी आहे, रात्री तिच्यातलंच पाणी पिते. पाणी नितळ ठेवायचं तर रोज आतून-बाहेरून घासावी लागते, ते मी आनंदाने करते.

कुंदा, तुमच्या माळ्यावरची भांडी मोडीत घालण्याआधी प्रत्येकावरचं नाव वाच. एका वहीत लिहून घे, फोटो काढ. मोडवाला वजन करतो, त्याला नावाशी काही देणंघेणं नसतं. जी पोचलेली असतील ती टाकू नकोस. कसब्यातल्या तांबट आळीत अजून ठोकून काम करणारे आहेत. हातोडीच्या ठोक्यांनी तांब्यावर जी बारीक नक्षी उमटते, मठार म्हणतात ती, ती त्यांच्या हाताला अजून आहे. मी घंगाळ तिथूनच सरळ करून आणलं. त्यात आता पांघरुणं ठेवते.

भिंतीवर एकच तसबीर आहे, सरस्वतीची. रविवर्म्यांच्या छापखान्यातली. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या एका छापखान्याने घराघरांत देव पोचवले. आमच्या तसबिरीत सरस्वतीच्या साडीला आजीने खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या आहेत. तेव्हा बायका हौसेने हे करायच्या. मागची फळी कसरीने खाल्ली होती ती तेवढी बदलून घेतली. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावली नाही, ऊन थेट आलं की रंग उडतात.

आणि एक वस्तू आमच्या घरातली नाहीच. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी सामान मांडतात, तिथे मला उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क मिळालं, पूर्वी दिवाणजींपुढे असायचं तसलं. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पेन्सिलीने गूळ-तुरीचे हिशेब, आणि त्याखाली कुणा पोराने गिरवलेली बाराखडी. ख ला येऊन थांबलेली. हे कुणाचं घर, कुठलं, मला कधी कळणार नाही. पण त्या अक्षरांवर मी पॉलिशचा हात फिरवू दिला नाही. तुला हे पत्र त्याच डेस्कवर लिहिते आहे, खाली आजीचा पाट घेऊन. बाजारातून असं काही घेतलंस तर लगेच आत आणू नकोस. काही दिवस गच्चीत कागदावर ठेव. खाली पिठासारखी भुकटी पडली तर आत किडा जिवंत आहे असं समज, आणि आधी सुताराकडून भोकांत औषध भरून घे. नाहीतर तो घरातल्या बाकीच्या लाकडात जाईल.

बाकी सगळं नवं आहे. पलंग नवा, गादी नवी, दिवे नवे. पाठदुखी सोसत जुन्या बाजेवर झोपण्यात मला अर्थ वाटत नाही. भिंती पांढऱ्या ठेवल्या, कारण जुनं लाकूड काळसर असतं आणि लहान खोलीत ते अंगावर येतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आहे, पावसाळ्यात मागे बुरशी धरू नये म्हणून. आणि मधली फरशी पूर्ण मोकळी. खोलीत सामान इतकंच.

याहून जास्त ठेवायचा मोह मलाही झाला. बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय आपण कॉलेजात असताना बघितलं होतं, आठवतं? अडकित्ते, दिवे, वज्र्या बघता बघता आपली दुपार गेली होती. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते सारं उभं केलं आणि शेवटी सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या, हवाली केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. एका माणसाने सबंध महाराष्ट्रासाठी ते केलं याबद्दल मला फार आदर आहे. तुझ्या-माझ्या दहा बाय अकराच्या खोलीत मात्र माणसाला पाय पसरून बसता आलं पाहिजे.

आता तुझ्याबद्दल. नानांचं टेबल ठेव. बाकी काही नेलं नाहीस तरी चालेल. विश्वकोशाची प्रुफं ते घरी आणायचे, कंदिलाच्या उजेडात एकेक शब्द पेन्सिलीने तपासत त्या टेबलाशी बसायचे, आणि आपण पलीकडे हळू आवाजात गप्पा मारायचो. तू आता भाषांतराचं काम घरून करतेस, तुला टेबल लागणारच आहे. त्याच्या उजव्या कडेला लाकूड हाताने झिजून गुळगुळीत झालं आहे. तिथे घासकागद लावू देऊ नकोस.

पाट सहा आहेत ना? दोन तू घे, दोन दादाला, दोन आक्काला. संच मोडला तरी हरकत नाही, तिघांच्याही घरी पानं मांडली जातील. झोपाळ्याच्या पितळी कड्या आक्काकडे जाऊ देत, तिच्याकडे गॅलरी आहे. देवघरातल्या मूर्ती दादा अमेरिकेला नेणार म्हणतेस, त्याआधी चौकशी करायला सांग. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही. ती तेवढी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून मिळतो, तो आधी घ्यावा. विमानतळावर देव अडकायला नकोत. आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी आले की त्यांना पहिल्याच दिवशी काही देऊ नकोस. ते भांड्यांचा भाव करत बसतात आणि नजर असते कोरीव दारावर. दार, खांब, तुळया यांचं काय करायचं ते घर घेणाऱ्याशी आधीच लिहून ठरवा.

टेबलाची लांबी-रुंदी-उंची मला कळव, आणि तुझ्या इमारतीच्या लिफ्टच्या दाराचीही. पाय सुटे होतात का ते खाली वाकून बघ. लाकडी खुंट्या दिसल्या तर टेम्पोवाल्याला हातोडा लावू देऊ नकोस, आमचे सुतारकाका त्या न तोडता काढतात. मी त्यांना घेऊन वाईला येते. त्यांना शनिवार जमत नाही, रविवार जमतो. पुढच्या महिन्यातला कुठला रविवार तुला सोयीचा ते लिही, म्हणजे माळ्यावरची भांडीही दोघी मिळून उतरवू आणि नावं वाचू.

दादांना आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शैला